दशम्या, भडंग आणि विमानातला सोमवार

नणंदेचे दिवस भरत आले होते. ती मेलबर्नला असते. गेल्या श्रावणात तिच्या बाळंतपणासाठी आम्ही सांगलीहून सहा जण निघालो: आत्या, मामा, हे, मी, नऊ वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा धाकटा. आत्या आणि मामा म्हणजे माझे सासू-सासरे, आमच्याकडं सुना अशीच हाक मारतात. ते दोघं तीन महिने राहणार होते आणि आम्ही चौघं पंधरा दिवसांनी परत येणार होतो. तिकिटं, व्हिसा, विमा ही सगळी कामं ह्यांनी उरकली. वाटेतल्या खाण्याचं माझ्याकडं आलं.

खरं तर ते आधी आत्यांकडंच होतं. निघायच्या तीन आठवडे आधी त्यांनी डिंक, खारीक, अळीव, खोबऱ्याच्या वाट्या आणि घरच्या म्हशीचं किलोभर तूप ओट्यावर काढून ठेवलं. लेकीचं बाळंतपण आणि आई डिंकाचे लाडू न घेता जाणार, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखंच नव्हतं. नियम मी वाचून ठेवले होते, पण सांगायला माझी जीभ रेटेना. ऑस्ट्रेलियात आपल्याकडचं दूध, तूप, खवा, पेढे असलं काही नेता येत नाही. अळीव म्हणजे बी, आणि बियांच्या बाबतीत ते लोक फार कडक. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना तर विमान कंपनीच सामानात घेत नाही. त्यांच्यात तेल भरपूर असतं, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्यांची गणना धोकादायक मालात होते.

मी अडखळत एवढं सांगितलं. आत्या गप्प झाल्या. मग सोप्यातून मामांनी विचारलं, "दुधाला का बंदी?" मी म्हटलं, "जनावरांच्या रोगामुळं. लाळ्या-खुरकूत." मामांनी हातातला पेपर खाली ठेवला. आमच्या गोठ्यात एका पावसाळ्यात ही साथ येऊन गेली आहे. तोंडाला फोड आलेल्या, खूर सडलेल्या म्हशी त्यांनी स्वतः धुतल्या आहेत, हळद-तेल लावलं आहे. दोन दुभत्या म्हशी त्यानंतर कधीच पहिल्यासारख्या दुधावर आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर आलेला नाही हे मी सांगितल्यावर ते आत्यांना म्हणाले, "मग बरोबर हाय त्यांचं. आपल्या तुपातनं त्यांच्या गोठ्यात कशाला न्यायचं? ऱ्हाऊ दे इथंच." त्यापुढं वाद झाला नाही. नणंदेला फोन लावला. तिच्याकडं डँडेनाँग भागातल्या फॉस्टर स्ट्रीटवर भारतीय दुकानांची ओळच आहे, तिथं डिंकापासून खारकेपर्यंत सगळं मिळतं. लाडू तिथंच वळायचे ठरलं.

एवढ्यावरून मला माझ्या कामाचं मुख्य सूत्रही मिळालं. वाटेतलं खाणं वाटेतच संपलं पाहिजे. तिथं पोचवायचं म्हणून त्या पिशवीत काहीच ठेवायचं नाही.

मग मी कागद घेतला आणि तास मांडले. रविवारी सकाळी नऊला सांगलीतून गाडी. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबई. रात्री साडेअकराला विमान, साडेपाच तासांनी सिंगापूर. तिथं तीन तास थांबून दुसरं विमान, ते सव्वासात तासांचं. मेलबर्नला उतरू तेव्हा तिथं रात्रीचे पावणेआठ आणि सांगलीत दुपारचे सव्वातीन. घरापासून मोजले तर तीस तास होत होते. विमानात जेवण मिळतंच, पण ते त्यांच्या वेळेला. आणि माझी सहा तोंडं सहा तऱ्हेची होती. मामांना साखर आहे, गोळी घेतली की वेळेवर खाणं पोटात जायलाच हवं. धाकटा भूक लागली की थांबत नाही. लेक विमानातलं काही खाईल याची खात्री नव्हती. आणि आत्यांचा श्रावणी सोमवार नेमका प्रवासातच येत होता.

सोमवारावर घरात बराच खल झाला. माझा हिशेब असा, की रात्री बारा वाजले की सोमवार लागला, आणि विमानातलं रात्रीचं जेवण बाराच्या पुढंच येणार. आत्यांना तो हिशेब मान्य नव्हता. "वार सूर्यासंगं लागतो. घड्याळ आत्ता आलं," त्या म्हणाल्या. मग उपवास सिंगापूरच्या सूर्याबरोबर धरायचा आणि सोडायचा मेलबर्नच्या? लेकीनं पाटी-पेन्सिल घेतली. विमान पूर्वेकडं जाणार, म्हणजे सूर्य लवकर उगवणार आणि लवकर मावळणार. सिंगापूरला सातच्या सुमारास उजाडतं, तेव्हा आपल्याकडं साडेचार वाजलेले असतात. ऑगस्टात मेलबर्नला हिवाळा, तिथं पावणेसहाला दिवस मावळतो. तिनं वजाबाकी करून सांगितलं, "आजी, तुझा सोमवार नऊ तासांचाच आहे." आत्यांनी तिला जवळ घेतलं, पण उपवासाचं सामान मात्र पूर्ण दिवसाचं काढलं.

पहिल्यांदा दशम्या. आमच्याकडं लांबच्या प्रवासाला निघताना दशमी लागतेच. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवायचं, म्हणजे ती मऊ राहते आणि दोन दिवस तोंडाला चव येते. आत्यांनी शनिवारी रात्री निम्म्या गुळाच्या आणि निम्म्या तिखटामिठाच्या केल्या. दुधातल्या असल्यामुळं त्या मेलबर्नच्या दारापर्यंत जाऊ द्यायच्या नव्हत्या, म्हणून मोजूनच केल्या: चोवीस. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात घेतलीच नाही. चटणी कुटली की तेल सोडते, आणि तेलकट, ओलसर, पातळ अशा कशालाही तपासणीत द्रवाचा नियम लागू शकतो. परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात द्रव शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. दही, लोणचं, मुरांबा सगळं त्यात धरतात. म्हणून तिखट दशमीला चटणी आतूनच चोळली, गुंडाळी केली आणि एकेक गुंडाळी बटर पेपरमध्ये. खाताना डबा नको, चमचा नको, बोटंसुद्धा माखत नाहीत.

भडंग न घेता सांगलीचा माणूस बाहेर पडत नाही. पण पावसाळ्यात भडंगाची कसोटी लागते. हवेत इतका ओलावा असतो की ताटात काढलेले चुरमुरे गप्पा मारेपर्यंत सादळतात. मी ते मंद आचेवर दाबलं की कुरकुर वाजेपर्यंत भाजले, फोडणीत टाकून उतरवल्यावर खिडक्या बंद करून कागदावर पसरले आणि पंखा लावला नाही. पावसाळ्यात पंखा ओलीच हवा फिरवतो. पुरते निवल्यावर लगेच मूठ-मूठभर लहान पिशव्यांत भरले. एक पिशवी एका तोंडाला, एका वेळेला. मोठा डबा उघडला की तो परत बंद होईपर्यंत आतलं सादळतं आणि निम्मं सीटखाली जातं.

भडंग दोन प्रकारचं केलं. लसणाचं गाडीसाठी आणि बिनलसणाचं विमानासाठी. लसूण घातल्याशिवाय ते भडंग कसलं, असं हे म्हणाले, आणि चवीच्या दृष्टीनं ते खरंच आहे. पण बंद विमानात तीनशे माणसं एकत्र बसलेली असतात, त्यांच्यातल्या कुणाला रात्री दोन वाजता आमच्या लसणाचा वास का म्हणून सोसायला लावायचा? ही गोष्ट मी मनापासून पाळते. बिनलसणाच्यातही निम्म्या पिशव्या शेंगदाण्याशिवाय भरल्या. तीन वर्षांच्या पोराच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो, आणि विमानात तो अडकला तर दवाखाना कुठून आणायचा? त्या पिशव्यांना लाल दोरा बांधला. या लाल दोऱ्याचा पुढं वेगळाच उपयोग झाला.

मामांसाठी नागपंचमीच्या लाह्या होत्याच. ज्वारीच्या घरच्या लाह्या, थेंबभर तेल, हळद, मीठ. फुटाणे त्यांना फार आवडतात, पण मी मूठभरच घातले. विमान वर गेलं की आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी विरळ ठेवलेली असते, महाबळेश्वरच्याही बऱ्याच वर बसल्यासारखी. तिथं वायू फुगतो. वेफर्सची पुडी फुग्यासारखी होते आणि पोटातही तेच होतं. म्हणून उसळी, हरभरा, वाटाणा मी जपूनच घेतलं. पिशव्यांतली हवाही बंद करताना दाबून काढली. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारल्या होत्या. त्यांनी प्रवास संपेपर्यंत सांगलीच्याच घड्याळानं चालायला सांगितलं. मामांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नाही, आणि त्यांच्या खिशात चार खजूर व साखरेची पुडी मी स्वतः ठेवली.

आत्यांसाठी गुळातले राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू, केळ्याचे वेफर्स, खजूर आणि आवळासुपारी. धाकट्यासाठी नाचणीचं सत्त्व कोरडंच, लहान डबीत, विमानात गरम पाणी मागून कालवायला. सगळे डबे पारदर्शक प्लास्टिकचे घेतले. एकदा दिल्लीला जाताना मी स्टीलचे डबे नेले होते, तेव्हा तपासणीत सगळी बॅग उपसून दाखवावी लागली होती आणि मागं रांग खोळंबली होती. स्टीलच्या आत काय आहे ते यंत्राला नीट दिसत नाही.

लेकीला कान दुखतात म्हणून च्युइंगम हवं होतं. सिंगापूरनं १९९२ पासून च्युइंगम आणायला बंदी घातलेली आहे. आम्ही तिथं फक्त विमान बदलणार होतो, तरी मला ती भानगड नको होती. त्याऐवजी आल्याच्या वड्या घेतल्या.

गाडीतला प्रवास बोलण्याजोगा नाही. पाऊस होता, खंबाटकीत वाहनं अडकली होती, लसणाचं भडंग साताऱ्याच्या आतच संपलं. मुंबईत विमानतळावर शिरायच्या आधी गाडीच्या डिकीवर कागद पसरून आम्ही गुळाच्या दशम्या खाल्ल्या. आत्यांनी तीन खाल्ल्या, उद्याची बेगमी म्हणून.

विमान वर गेल्यावर तासाभरानं जेवणाच्या गाड्या निघाल्या आणि तेवढ्यात एक हवाईसेविका आमच्या रांगेपाशी येऊन वाकून बोलली. दोन रांगा पुढं एक लहान मुलगी होती, तिला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी होती. कृपा करून शेंगदाण्याचं काही उघडू नका, अशी विनंती होती. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या पिशवीत किती गोष्टींत शेंगदाणा होता! चटणी लावलेल्या दशम्या, निम्मं भडंग, आत्यांचे लाडू. पुढच्या सीटवरून त्या मुलीच्या आईनं मागं वळून पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरची काळजी मला ओळखू आली. धाकट्याला ताप आला की माझा चेहरा तसाच होत असणार. मी पिशवी उघडून शेंगदाण्याचं सगळं एका मोठ्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवलं आणि ओल्या रुमालानं हात पुसले. मग लाल दोऱ्याच्या पुड्या काढल्या. पोराच्या घशासाठी केलेल्या त्या पुड्यांनी सगळ्यांची रात्र भागवली. मामांना लाह्या, लेकीला भडंग, धाकट्याला सत्त्व. गरम पाणी मागितल्याबरोबर मिळालं.

भडंग खाऊन लेक म्हणाली, "आई, मीठ कमी झालंय." मीठ घरी बरोबर होतं. विमानातली हवा फार कोरडी असते, वाळवणाच्या उन्हापेक्षाही कोरडी वाटावी अशी, आणि तिथं जिभेला खारट-गोड कमीच लागतं. पण त्याच कोरड्या हवेत भडंग असं काही कुरकुरीत राहिलं, की सांगलीच्या ऑगस्टात ते कधीच तसं राहत नाही.

सिंगापूरला उतरायच्या आधी खिडकीतून तांबडं फुटलं. आत्यांनी हात जोडले आणि तिथून त्यांचा सोमवार सुरू झाला. विमान खाली येत असताना धाकटा कान धरून रडायला लागला. गिळण्याची क्रिया झाली की कान मोकळे होतात, म्हणून त्याच्यासाठी नळीचा पेला हाताशीच ठेवला होता. घोट-घोट पाणी पीत तो शांत झाला. लेकीनं आल्याची वडी चघळली, आत्यांनी आवळासुपारी. उतरतानाचं खाणं वेगळं काढून सीटच्या खिशात ठेवावं, हे मी आता सगळ्या आयांना सांगते. त्या वेळी उठून वरचा कप्पा उघडता येत नाही.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, आम्ही होतो त्या भागात तपासणी गेटच्या तोंडाशीच असते. हे नणंदेनं आधीच बजावलं होतं. वाटेत पाण्याचे नळ भरपूर, बाटल्या भरून घ्याव्यात असं वाटतं, पण गेटवर त्या ओताव्याच लागतात. आम्ही तिथंच पोटभर पाणी प्यायलो, बाटल्या रिकाम्या केल्या, आणि गेटपासून लांब, जिथं आजूबाजूला कुणी नव्हतं अशा कोपऱ्यात बसून चटणीच्या दशम्या उरकल्या. दुधाचं सगळं तिथंच संपलं. आत्यांनी तेवढ्यात एक राजगिऱ्याचा लाडू घेतला. शेंगदाण्याचे त्या नको म्हणाल्या. पुढच्या विमानात कुठलं लेकरू असेल काय ठावं, म्हणाल्या.

दुसऱ्या विमानात मुलं झोपली. मामांची जेवणाची वेळ आली तेव्हा विमानातलं दुपारचं जेवण कधीच उचलून नेलेलं होतं. त्यांनी लाह्यांची शेवटची पुडी आणि दोन खजूर खाऊन गोळी घेतली. एवढ्यासाठी मी तीन आठवडे कागद मांडत होते, असं तेव्हा वाटलं. खाली किती तरी वेळ तांबडी, ओसाड जमीन सरकत होती. उतरायला दीड तास असताना त्या जमिनीच्या कडेला सूर्य टेकला. लेकीनं आजीला उठवलं. आत्यांनी खिडकीशी वाकून बघितलं, नमस्कार केला, आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर आंघोळ करूनच सोडते."

उतरण्याआधी भरायच्या कार्डावर खाण्याच्या वस्तू आहेत का, असा प्रश्न असतो. तिथं 'हो' लिहायचं. एक खजूर असला तरी. सांगितलं तर ते बघतात आणि चालत नसेल ते ठेवून घेतात. दंड लागतो तो लपवल्यावर. २०१९ पासून तर पाहुण्यांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. विमानातलं खाणंसुद्धा बाहेर न्यायचं नाही. धाकट्याच्या मुठीत जेवणाबरोबर आलेलं अर्धं केळं होतं. ते दारातल्या कचरापेटीत टाकताना तो रडला, पण मी ऐकलं नाही.

सामान घेऊन आम्ही तपासणीच्या टेबलापाशी गेलो. एक कुत्रं पिशव्या हुंगत फिरत होतं. उरलं होतं काय, तर शेंगदाण्याचं भडंग पाच पुड्या आणि कुटाचे लाडू, तेही त्या मुलीमुळं राहिलेले. टेबलामागच्या बाईंनी लाडू उचलून विचारलं, यात काय आहे? मी सांगितलं, शेंगदाणे आणि गूळ, दूध-तूप अजिबात नाही. त्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. मामा मागं उभे होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी त्या बाईंना हात जोडून नमस्कार केला.

नणंद दारात उभी होती, सात किलोचं पोट घेऊन उभी आहे असं वाटत होतं. आत्यांनी आधी आंघोळ केली, तिच्या देव्हाऱ्यातल्या पिंडीवर पाणी घातलं आणि तिनं केलेल्या वरणभातावर उपवास सोडला. बाहेर काळोख आणि कडाक्याची थंडी. आम्ही पिशव्या उघडल्या. भडंगाची पुडी नणंदेनं बसल्या बसल्या फस्त केली. मग पिशवीत डोकावत म्हणाली, "वहिनी, दशमी नाही उरली एखादी?"

मी तिला सांगितलं, की दुधातली म्हणून आम्ही ती सिंगापुरातच संपवली. ती 'बरोबर आहे' म्हणाली आणि पिशवीची घडी घालायला लागली.

आत्या पानावरून उठल्या, हात धुतले. "पीठ कुठं ठेवतीस गं?" त्यांनी विचारलं. नणंदेनं डबा दाखवला. आत्यांनी फ्रिज उघडून दुधाची बाटली काढली, पातेल्यात ओतून गॅसवर ठेवली आणि परात मागितली.